दोन गाण्यांच्या मधे

वडगावात रात्री अकरानंतर
माग कमी होतात, बंद होत नाहीत.
आम्ही खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवले, रजया टांगल्या,
गादीवाल्याचा जुना कापूस दाराच्या फटीत कोंबला,
तरी स्नेअरच्या माइकात
शेजारच्या सोंटक्क्यांचा धोटा यायचाच,
खट् खट्, इराण्णाच्या ठेक्याच्या किंचित पुढं.
इराण्णा म्हणायचा, घाई तो करतोय, मी नाही.

नऊ गाणी. पाच मराठी, तीन कन्नड,
एक नुसतं आ आ आ, कारण नेताजीला ओळच सुचली नाही.
ऑस्वल्डची गिटार कॅम्पातून स्कूटरवर यायची
आणि आली की सगळ्यांच्या डोक्यावर बसायची.

मिक्स मी केला. सात आठवडे.
मिक्स म्हणजे काय गं, आप्पांनी विचारलं.
म्हटलं, ग्रुप फोटोत कोण खाली बसणार,
कोण मागं बाकावर उभं राहणार, ते ठरवायचं.
ऑस्वल्डला अडीच डेसिबल मागं ढकललं,
तो दोन दिवस बोलला नाही.
बेसमधला दोनशे हर्ट्झचा चिखल काढला
तर अख्खं गाणं हडकलं; थोडा चिखल परत घातला.
सातव्या गाण्यात नेताजीचा आवाज
खोलीच्या पार टोकाला नेऊन ठेवला,
न्हाणीत कुणी स्वतःशीच गातंय एवढा लांब.
लोक वाकून ऐकतील, असं वाटलं.

मास्टरिंग पुण्याला की बेंगळूरला,
यावर एक रात्र भांडण.
शेवटी जिकडं स्वस्त पडलं तिकडं.

फायली परत आल्या.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही नाचलो, खोटं कशाला बोलू.
केवढा आवाज! गणपतीच्या डॉल्बीला लाजवेल असा.
दुसऱ्यांदा कान दुखले.
तिसऱ्यांदा मी स्क्रीनकडं पाहिलं:
निपाणीकडं तंबाखूचे शेंडे खुडतात
तशा माझ्या सगळ्या लाटा
एका उंचीवर खुडलेल्या.
लांबचा नेताजी
आता मांडीवर बसून ओरडत होता.

आप्पांना ऐकवलं.
चाळीस वर्षं मागावर, झांजेचं काही पोचत नाही त्यांना,
ते स्पीकरच्या कागदावर तळवा ठेवून ऐकतात.
आधी माझा मिक्स. तळवा हलला, थांबला, परत हलला.
मग मास्टर. तळवा एका जागी थरथरत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ह्यात मागं कोण नाहीच की गं."

कळवलं, तीन डेसिबल खाली आणा.
उत्तर आलं, मग फोनवर इतरांच्या शेजारी
तुमचं लेचंपेचं वाटेल.
नेताजीला पटलं. ऑस्वल्डला तर फारच.
इराण्णा झांज पुसत बसला.

मला डेसिबलचंही एवढं नाही.
पण चौथं गाणं संपतं तिथं
मी झांज पूर्ण विरू दिली होती, अकरा सेकंद,
कारण नेमका तेव्हाच करंट गेला होता.
आमचं यंत्र इन्व्हर्टरवर चालू राहिलं,
सोंटक्क्यांचा माग दोन धापा टाकून थांबला,
त्याच्याबरोबर अख्खी गल्ली,
आणि अंधारात इराण्णा हळूच म्हणाला,
"करंट होय्तु."
तिथं आता दोन सेकंदांची कोरी शांतता आहे.
साफ केलं, असं लिहिलंय त्यानं. चूक राहिली होती तुमची.

अल्बम तसाच निघाला. कॉलेजातली पोरं वाजवतात.
जुनी फाईल माझ्याकडं आहे.
कधी जेवण झाल्यावर आप्पा म्हणतात, ते मधलं लाव.
गाणं नको.
मी लावते. तळवा कागदावर.
दोन धापा येतात, मग हलायला काही नाही,
तरी हात उचलत नाहीत.
काल म्हणाले,
"सोंटक्क्याचा पट्टा ढिला होता बघ त्या दिवशी."